आधी हात, मग पाय

मामांच्या स्टोअरमध्ये पाय टाकण्याआधी हात टेकवावा लागे. दाराच्या उजव्या अंगाला, छातीच्या उंचीवर, पाटीएवढी एक तांब्याची पट्टी भिंतीवर बसवलेली होती. तिच्यापासून निघालेली जाड तार भिंतीवरून उतरून जमिनीत गेली होती. येणाऱ्याने त्या पट्टीवर उघडा तळवा ठेवायचा, मनात तीनपर्यंत मोजायचं आणि मग उंबरा ओलांडायचा. मामा आत स्टुलावर बसून बघत असत. कोणी घाईत तसाच शिरायला गेला, की ते जागचे न उठता, पण सगळ्या फॅक्टरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "आधी हात, मग पाय."

यातून कोणाची सुटका नव्हती. एकदा तपासणीला एक मोठे साहेब आले. हातात फाइल, डोळ्यांवर गॉगल, सरळ आतच निघाले. मामांनी उठून त्यांच्या हातातली फाइल काढून घेतली आणि लहान मुलाचा हात पाटीवर धरावा तसा त्यांचा तळवा पट्टीवर ठेवला. म्हणाले, "साहेब, माणसाच्या अंगात वीज साठते. चालताना साठते, खुर्चीवरून उठताना साठते. इथं सोडायची अन् मग आत यायचं." साहेबांनी विचारलं, माझ्या अंगात कुठून आली वीज? मामा म्हणाले, "मोठ्या माणसांची खुर्ची मोठी असते, साहेब. जरा जास्तच साठते." साहेब हसले आणि तीनऐवजी दहापर्यंत मोजत उभे राहिले.

हळूहळू ती पट्टी सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली, की टेकवलेला हात आपोआप कपाळाकडे जाई. छपाईवाले युसुफभाई तो छातीला लावत. मामांना त्याचं काही वाटत नसे. नंतर हात कुठंही लावा, आधी तिथं लावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आमची फॅक्टरी आमच्या गावच्या लालबागच्या पुढे, लहानशीच. प्लॅस्टिकच्या पाकिटांवर छपाई करायची. बियाण्यांची पाकिटं, शेवेची पाकिटं, दापोऱ्याकडच्या केळीच्या वेफर्सची पाकिटं. बी.एस्सी. झाल्यावर मी तिथे लागले. माझं काम शाईचा पातळपणा मोजण्याचं. बुडाला भोक असलेल्या कपात शाई भरायची, भोकावरचं बोट काढायचं आणि ती किती सेकंदांत गळून जाते ते घड्याळावर बघायचं. शाई घट्ट झाली असेल तर तिच्यात टोल्युइन घालायचं. मला हे काम फार आवडलं. दिवसभर शाईबरोबर राहायचं आणि शाई काही विचारत नाही.

टोल्युइनची पिंपं मामांच्या ताब्यात. फॅक्टरीत सगळेच त्यांना मामा म्हणत, शेठजीसुद्धा. पहिल्याच दिवशी मला त्यांच्यापुढे उभं केलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. बेंझीनच्या कड्याला एक मिथाइल गट जोडला की टोल्युइन होतं, ते पाण्यात विरघळत नाही, एकशे दहा अंशांना उकळतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मामांनी यातलं काही विचारलं नाही. विचारलं, "पुस्तकात याचा वास लिहिला आहे का?"

मी म्हटलं, "गोडसर."

"अन् नाकाचं काय होतं, ते?"

ते मला ठाऊक नव्हतं. मामांनी मला शाई कालवायच्या खोलीत नेलं. आत शिरताच तो गोड, तिखट वास नाकात भरला. मी काम करत राहिले. थोड्या वेळाने ते दारात येऊन म्हणाले, "येऊन राहिला वास?" मी मान हलवली, नाही. मग त्यांनी मला अंगणातल्या कडुलिंबाखाली पाठवलं, मोकळ्या हवेत पाच मिनिटं थांबून परत ये म्हणाले. परत आले तर वास दारातच थोबाडीत बसला.

"तो कुठं गेला नव्हता, पोरी. तुझं नाक झोपलं होतं. डोकं जड झालं, उगाच हसू येऊ लागलं, पाय हलके वाटले, तर नाकाला विचारत बसू नको. बाहेर निघ." एवढं सांगून त्यांनी त्या खोलीचा बंद पडलेला पंखा त्याच दिवशी शेठजींकडून दुरुस्त करून घेतला. तीन वर्षं केमिस्ट्री शिकले, पण आपल्या नाकाची साक्ष धरायची नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मामा टोल्युइनला जावई म्हणत. जावई आला, जावई किती उरला, जावयाला उन्हात बसवू नका. कारण विचारलं तर म्हणत, "दिसायला पाण्यासारखा शांत. पण मान ठेवावा लागतो. कधी पेटेल नेम नाही." आपल्याकडे कितीही थंडी पडली तरी त्याच्या वाफेचं पेटणं थांबवायला ती पुरत नाही, त्याला बाराही महिने उन्हाळाच, हे ते मला पुन्हा पुन्हा सांगत. गंमत अशी, की त्यांचे खरे जावई अगदी गरीब स्वभावाचे होते. पलीकडे जैनाबादला राहत, नदीवरच्या पुलावरून सायकलवर येत. मामा त्यांना भर फॅक्टरीत, "काय रे, जेवला का?" असं विचारत, आणि इकडे पिंप मात्र हळूच, दोन्ही हातांनी धरत.

जावयाचे सगळे स्वभाव मामांना पाठ होते. त्याची वाफ हवेहून जड. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटते. शेठजींनी स्टोअरच्या भिंतीत वर, छतापाशी पंखा बसवला तेव्हा मामांनी तो काढायला लावला आणि जमिनीलगत भिंतीला झरोके पाडून घेतले. तिथून मांजरी आत येतील, अशी शेठजींना काळजी. मामांनी जाळ्या बसवल्या. फाटकाजवळ एक चहावाला स्टोव्ह लावून बसे. जमिनीचा उतार स्टोअरकडून त्याच्याकडे जातो, हे मामांनी बादलीभर पाणी ओतून त्याला दाखवलं आणि त्याची गाडी रस्त्यापलीकडे हलवायला लावली. तेव्हापासून फॅक्टरीतला चहा कोमट झाला. चहावाला रोज कुरकुरे, "मामा, तुमच्यापायी माझा चहा बदनाम झाला." मामा म्हणत, चहा बदनाम झालेला बरा. आणि तो कोमट चहा ते शेवटच्या थेंबापर्यंत पीत.

नव्या चौकीदाराने एकदा आगीसाठी म्हणून स्टोअरबाहेर पाण्याच्या लाल बादल्या ओळीने मांडल्या. मामांनी त्या रिकाम्या करून त्यांत रेती भरली. त्याने विचारलं, आग पाण्याने नाही विझत का? "ही नाही विझत. हा पाण्यावर तरंगतो. तू पाणी टाकशील, तो आग डोक्यावर घेऊन फॅक्टरीभर फिरेल."

संध्याकाळी पाळी सुटताना मामा फाटकापाशी उभे राहून सगळ्यांचे हात बघत. शाई लागलेले हात टोल्युइनमध्ये बुचकळले की क्षणात स्वच्छ होतात, म्हणून सगळ्यांना तोच मोह. मामांनी त्यासाठी शेंगदाण्याच्या तेलाची बाटली आणि बेसनाचा डबा ठेवला होता. वेळ लागे, लोक कंटाळत. मग ते स्वतःचे हात पुढे करत. तळव्यावर भेगा, बोटांची कातडी कागदासारखी कोरडी. तरुणपणी दुसऱ्या एका छापखान्यात होते, तेव्हा रोज त्यानेच हात धूत. "शाईबरोबर हातातलं तेलही घेऊन गेला तो. अजून परत नाही दिलं." ऐकायलाही त्यांना कमी येई. मशीनच्या आवाजाने की त्या बंद खोलीतल्या वर्षांनी, कोणास ठाऊक. डॉक्टर म्हणाले होते, दोन्हींनी असेल.

पाकिटं मोजणाऱ्या बायकांत कोणाला दिवस गेले, तर तिने छपाईच्या खोलीजवळ फिरकूसुद्धा नये, हाही त्यांचाच नियम. पण बायकांना असं कसं विचारायचं, म्हणून ते काम त्यांनी माझ्यावर टाकलं. मी कोणाला काही विचारत नसे. पण मी गप्प असते म्हणून बायका मला आपणहून सांगत. मी मामांना नुसतं नाव सांगे. दुसऱ्या दिवशी तिचं टेबल अंगणाच्या बाजूला, खिडकीपाशी गेलेलं असे. कारण कोणी विचारलं तर मामा म्हणत, तिकडे उजेड चांगला आहे.

अशी आमची दीड वर्षं छान गेली. मग शेठजींनी एके दिवशी सांगितलं, की शाई आता बाहेरूनच पातळ करून येणार, कप आणि घड्याळाचं काम बंद होणार, टोल्युइन राहणार ते मशीन धुण्यापुसण्यापुरतं. त्याच सुमारास मामांनीही मार्चअखेर निवृत्त व्हायचं ठरवलं होतं. शेठजी माझ्या बाबांच्या ओळखीचे. म्हणाले, मुलीला स्टोअर देतो, पण मामांनी हो म्हटलं तर. नाहीतर इंदूरचा एक माणूस तयार आहे.

मला ते स्टोअर हवं होतं. इतकं हवं होतं, की मी घरी कोणाला बोलूनही दाखवलं नाही. बाबांनी बी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता. साठ मुलांच्या वर्गापुढे उभं राहून दिवसभर बोलायचं, हे मला जमणारं नव्हतं. स्टोअरमध्ये सहा पिंपं, एक स्टूल, एक वही आणि जमिनीलगतच्या झरोक्यांतून येणारा उजेड. न बोलता करता येईल असं जगातलं ते शेवटचं काम आहे, असं मला वाटत होतं.

मामांनी नाही म्हटलं.

त्याला कारण मीच दिलं होतं. मशीनवर दिनू म्हणून एक ऑपरेटर होता, बोलण्यात फार गोड. एकदा मामा जेवायला गेलेले असताना तो थंड पेयाची रिकामी बाटली घेऊन माझ्याकडे आला. "दीदी, गाडीचा डाग काढायचा आहे. अर्धी बाटली दे दो ना. तुमच्याकडे पडलंच आहे." माझ्या टेबलावरच्या डब्यात उरलेलं टोल्युइन होतं. मला नाही म्हणायचं होतं. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून मी बाटली भरून दिली. मामांना ती फाटकावर सापडली. त्यांनी दिनूला एवढंच विचारलं, की घरात फ्रिजमध्ये अशाच बाटलीत पाणी ठेवतोस ना, आणि तुझी मुलगी किती वर्षांची? दिनू पांढरा पडला. मला मामा काहीच बोलले नाहीत. पण शेठजींनी विचारलं तेव्हा माझ्यासमोरच म्हणाले, "पोरगी हुशार आहे. तिचा हात कधी हलत नाही. पण तिला नाही म्हणता येत नाही. अन् स्टोअरवाल्याचं कामच ते आहे. दिवसातून वीस वेळा नाही म्हणायचं."

मला राग आला. राग आला की मी आणखी गप्प होते. घरी जाऊन बी.एड.चा फॉर्म भरायला घेतला आणि नावापर्यंत भरून ठेवून दिला.

मार्च नुकताच लागला होता. हवा कोरडी ठक्क, केस कंगव्यामागे उठत. एका दुपारी मी वही द्यायला स्टोअरकडे गेले. पट्टीवर हात टेकवला, तीन मोजले आणि अर्धवट लोटलेलं दार सरकवायला लोखंडी कडीला बोट लावलं, तर चट्‌कन झटका बसला. बारीकसाच. एरवी हात झटकून कोणी विसरूनही गेलं असतं. पण पट्टीला हात लावल्यावर माझ्या अंगात काही उरायलाच नको होतं.

मी पट्टीकडे नीट पाहिलं. ती तांब्याची दिसतच नव्हती. दिनू दर शनिवारी मारुतीला जाई आणि येताना पुडीतला शेंदूर आणून तेलात कालवून पट्टीला लावी. पुढे इतरही लावू लागले. वर्षभरात तिच्यावर शेंदराचा चपातीएवढा जाड थर बसला होता. सगळे रोज श्रद्धेने त्या थराला हात लावत होते, आणि खालच्या तांब्याला कोणाचाच हात लागत नव्हता.

शेजारच्या खोलीत वायरमनचं मीटर होतं. ते आणून मी त्याचं एक टोक पट्टीवर धरलं, दुसरं जमिनीत जाणाऱ्या तारेवर. विजेला वाट असती तर मीटर वाजलं असतं, ते वाजलं नाही. जागा बदलून पुन्हा धरलं. नाहीच. पिंपापासून आलेली तारही पट्टीच्या खालच्या कडेला चिमट्याने अडकवलेली होती, आणि ती कडही शेंदराने माखली होती.

तेवढ्यात आत पितळी नळाचा आवाज झाला. मामा माझ्याकडे पाठ करून पिंपातून डब्यात टोल्युइन काढत होते. ते वाहताना वीज तयार होते, ती त्या तारेवाटे जमिनीत जायची, म्हणून तर तो सगळा खटाटोप. आज तिला जायला वाट नव्हती. मला आत धावता येत नव्हतं, माझ्या अंगातली वीज मी कुठे सोडणार? मामांना कमी ऐकू येतं. मागे मशीन धडधडत होतं. राहिला माझा आवाज.

पहिल्यांदा तोंडातून नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा मी ओरडले, "मामा, नळ बंद करा." तो आवाज आमच्या शाळेच्या कवायतीच्या सरांसारखा निघाला. मशीनवरची माणसं थांबली. मामांनी वळून पाहिलं, आधी नळ बंद केला, मग साठलेली वीज ओसरावी म्हणून हात न हलवता तसेच उभे राहिले आणि सावकाश बाहेर आले.

मी म्हटलं, "पट्टी मेली आहे."

दिनू पुढे झाला. "दीदी, मारुतीचा शेंदूर आहे तो. मेली काय म्हणता? असं नाही बोलत." आणखी दोघे-तिघे माझ्याकडे रोखून बघत होते. मी मामांसमोर मीटर धरलं. त्यांनी दोन्ही टोकं स्वतः लावून पाहिली. मग कमरेची किल्ली काढून तिच्या दात्याने पट्टी खरवडली. एक खपली निघाली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. शेवटी तांबं दिसलं.

"दिनूची चूक नाही," मामा म्हणाले. "मला दिसून राहिलं होतं. शेंदरापायी का होईना, न सांगता हात लावतात, म्हणून मी गप्प बसलो."

पॉलिश पेपर मागवून त्यांनी पट्टी आणि तिची कड घासून लख्ख केली. मीटर वाजलं तेव्हा डबा भरला. दिनूला वाईट वाटत होतं, म्हणून पट्टीच्या वर वीतभर अंतरावर शेंदूर लावायला एक फरशी बसवून दिली. म्हणाले, "मारुती इथं, पट्टी खाली." तेव्हापासून लोक दोन्हीकडे हात लावत.

मला वाटलं, आता मामा हो म्हणतील. बाबांनाही तसंच वाटलं. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी शेठजींनीच विषय काढला, की आता तर मुलगी सगळ्यांदेखत ओरडली. मामा म्हणाले, "जीव घाबरला की कोणीही ओरडतं. मी ओरडण्याचं कुठं म्हटलं? रोज, हसत्या माणसाला, हळू आवाजात नाही म्हणता येतं का, ते बघू द्या. महिना आहे अजून."

त्या महिन्यात त्यांनी मला स्टोअरमध्ये, आपल्या शेजारी बसवलं. दुसरं स्टूल आणलं. कोणी काही मागायला आलं की ते वहीत डोकं घालत आणि मला बोलू देत. सुरुवातीला मी खूप कारणं सांगायची. प्लॅस्टिकच्या बादलीत देता येणार नाही, कारण तिच्यातून वीज जमिनीत जात नाही, शिवाय झाकण नाही, शिवाय तुम्ही पायऱ्या चढून जाणार. माणूस एकेक कारण खोडून काढी आणि शेवटी मी हरे. मामांनी दोन-तीनदा हे पाहिलं. मग म्हणाले, "दारात कारण द्यायचं नाही. कारण दिलं की माणूस कारणाशी भांडतो. दारात फक्त नाही. कारण चहाच्या वेळी सांग, बसवून, सगळं, पुस्तकातलंसुद्धा."

मी तसं करू लागले. दिनू चिंधी भिजवून मागायला आला तर म्हटलं, "दिनूभाऊ, नाही." तो तीनदा मागून गेला. चौथ्यांदा झाकणाचा लोखंडी डबा घेऊन आला, तेव्हा दिलं. दुपारी कोमट चहाबरोबर त्याला वाफेचं सगळं सांगितलं. त्याने इतके प्रश्न विचारले, की मला बोलताना वेळ कळला नाही. मामा कडुलिंबाला टेकून डोळे मिटून बसले होते. ऐकत होते की झोपले होते, ते कळलं नाही. हो की नाही, तेही त्यांनी सांगितलं नाही. महिना संपत आला तशी मी घरी गेल्यावर कपाटातल्या त्या अर्धवट फॉर्मकडे बघत असे.

शेवटच्या दिवशी कडुलिंबाखाली खुर्च्या मांडल्या. मामांची मुलगी आणि जावई जैनाबादहून आले होते. शेठजींनी शाल आणि नारळ दिला. शाल जांभळी, चकचकीत, सोनेरी काठांची. मामा आयुष्यात पहिल्यांदाच शाल पांघरत होते, ती सारखी खांद्यावर नीट करत होते. भाषण करा म्हटलं तर म्हणाले, रोजच तर ओरडत होतो. लोक हसले. मग ते उठून म्हणाले, एकदा पिंपांना भेटून येतो. शेठजी, दिनू, युसुफभाई, सगळे मागोमाग निघाले.

मी स्टोअरच्या दारात उभी होते. किल्ली त्या दिवसापुरती माझ्याकडे होती. मामा जवळ आले तसं मला दिसलं, की चालताना शाल त्यांच्या सदऱ्यावर घासून चुरचुरत होती, आणि मनगटावरचे पांढरे केस तिच्याकडे उभे राहिले होते. अशा कृत्रिम धाग्याच्या कापडाला कितीही वेळा वीज सोडायला लावा, दोन पावलांत ते नवी करतं. मामा माझ्यासमोर येऊन थांबले, नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मामा, नाही," मी म्हटलं.

त्यांनी कानामागे हात धरला. मी आवाज न चढवता तेच पुन्हा म्हटलं. "शाल घालून आत नाही."

शेठजी म्हणाले, "अरे बेटा, एक मिनिटाची तर गोष्ट आहे." दिनू म्हणाला, "दीदी, आजचा दिवस राहू द्या. सन्मानाची शाल आहे. काढायला कसं सांगता?" मामांच्या मुलीचा चेहरा उतरला होता. मला खूप काही सांगायचं होतं, कापडाबद्दल, कोरड्या हवेबद्दल, सकाळीच आलेल्या नव्या पिंपाबद्दल. मी काही सांगितलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

मामांनी शालीवरचा हात काढला. माझ्याकडे बघितलं, मग आतल्या पिंपांकडे. मला वाटलं, ते आता शाल मुलीच्या हातात देतील आणि आत येतील, म्हणून मी दारातून बाजूला झाले. पण ते एक पाऊल मागे सरले.

"शेठजी," ते म्हणाले, "इंदूरवाल्याला कळवून द्या, येऊ नको म्हणून."

शेठजींनी विचारलं, आणि तुम्ही? आत नाही जात?

मामा शाल सावरत कडुलिंबाकडे वळलेसुद्धा होते. "आता आत काय पाहू?" ते म्हणाले. "पाहायचं होतं ते दारातच दिसलं."